पितृपक्षातलं सर्टिफिकेट

"आजोबांच्या तिथीचं पान वाढून झालं, खीर झाली, वडे झाले, आणि बाळारामकाकांचं सूत गेलं! झालं समाधान?" हितेशचा आवाज एव्हाना गेटपर्यंत पोचत होता.

"हलू बोल," हिरामण म्हणाले. "शेजारी ऐकतान."

"ऐकू दे. ऐकायचं राहिलंय कोण? आपल्याच गोडाऊनमधून, आपल्याच हमालांनी ट्रक भरून दिला. वर ड्रायव्हरला चहा पाजला. का, तर कॉम्प्युटरवर ऑर्डर आलेली. ऑर्डर टाकली चोरानं. चोराला पासवर्ड दिला बाळारामकाकांनी. आणि त्यांनी का दिला, ते सांगा आता."

"दादा, बस ना," धाकटा प्रितेश म्हणाला. "बाबांना काय कळतंय त्यातलं."

"कळत नाही, तर मग अडवायचं कशाला? टेम्पो घ्यायला निघालो, पितृपक्ष. गेल्या वर्षी आईचा मिक्सर जळला, पितृपक्ष. बिचारी पंधरा दिवस पाट्यावर वाटत बसली. बरं, ते घरातल्या घरात होतं. पण सर्टिफिकेट? ते काय सोनं आहे? अहो बाबा, ते डोळ्यांना दिसत पण नाही!"

हिरामण सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. बंगला बांधून सहा वर्षं झाली, तरी ते सोफ्यावर मागे रेलून कधी बसले नाहीत. उठायची वेळ आलीच तर चटकन उठता यावं, असं बसायचे. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी अडवला?" त्यांनी विचारलं. "मना आठवत न्हाय."

"तुम्हाला कसं आठवेल? विचारा तिला."

'ती' म्हणजे दिपाली, हितेशची बायको. स्वयंपाकघराच्या दारात बसून ती गवार मोडत होती. मघापासून एकाच शेंगेचे इतके तुकडे केले होते तिनं, की त्यांची भाजी झाली नसती.

"दिपाली," हिरामण म्हणाले. आवाजात राग नव्हता. हरवलेली वस्तू कुणी पाहिली का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. "मी बोललू व्हतो का गं, घेऊ नको म्हणून?"

दिपालीनं मान वर केली नाही.

"बोलला होता, मामा," ती म्हणाली. "सहज बोलला होता."

"मग बोललो असन," हिरामण म्हणाले, आणि त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली.

ते बोलले नव्हते. एका शब्दानंही बोलले नव्हते.

दिपाली भिवंडीजवळच्या शेलार गावची. वडिलांचा कापड विणायचा, आठ लूमचा छोटा कारखाना होता, त्या खडखडाटात अभ्यास करून ती बी.एस्सी. आयटी झाली. लहानपणापासून मोठ्यानं बोलायची सवय लागलेली, ती लग्नानंतर सासरी वळ गावी आल्यावर महिनाभरात मोडली. वळच्या या घराची पूर्वी भातशेती होती. मग रस्ता आला, रस्त्यामागून कंपन्यांचे ट्रक आले, आणि शेतांच्या जागी पत्र्याची गोडाऊनं उभी राहिली. हिरामण शेतकऱ्याचे गोडाऊनवाले झाले. व्यापारी, लूमवाले, सूतवाले माल आणून ठेवायचे आणि लागेल तसा उचलायचे. पूर्वी माल उचलायचा तर पार्टीचा, म्हणजे मालधन्याचा, माणूस सहीची चिठ्ठी घेऊन यायचा. मग हितेशनं एका पोराकडून वेबसाइट बनवून घेतली. पार्टीनं घरबसल्या आपला पासवर्ड टाकायचा, किती माल कुठल्या गाडीत भरायचा ते लिहायचं, की इकडे गेटवर कागद छापून निघणार. गाडी आली की हमाल भरून देणार.

वेबसाइट बनवणारा पोरगा पैसे घेऊन पुण्याला गेला, आणि सर्व्हर बघायला कुणी उरलं नाही. सर्व्हर मुंबईत भाड्याचा होता, पण त्याची देखभाल कुणीतरी करायला हवी होती. तेव्हा दिपाली सासऱ्यांना म्हणाली, "मामा, हे मला येतं."

घरात तीन दिवस अबोला झाला. हितेशचं म्हणणं, ऑफिसात ड्रायव्हर, हमाल, भय्ये, सगळे येतात. बाईमाणूस तिथे कशाला. सासू जानकीबाईंचं म्हणणं आणखी सरळ होतं: "ती तिकडं बसली तर हिकडं भाकऱ्या कोन थापल?" शेवटी हिरामण स्वतः बाजारातून एक फिरती खुर्ची घेऊन आले. टेम्पोतून उतरवून त्यांनी ती ऑफिसात आपल्या टेबलाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "सून बसल ही." जानकीबाईंनी एवढंच सांगितलं, "बसूं द्या. पन काय चुकलं तर त्याच दिशी चुलीपाशी."

तेव्हापासून दिपाली सकाळी पोळ्या करून दहा वाजता ऑफिसात जायची. सर्व्हरवर रोज काय चाललंय ते पाहायची, बॅकअप घ्यायची, पार्ट्यांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्यायची. आणि वर्षातून एकदा सर्टिफिकेट.

हे सर्टिफिकेट म्हणजे काय, ते तिनं हिरामणना पहिल्या वर्षीच समजावलं होतं. "आपल्या वेबसाइटसारखी हुबेहूब दुसरी वेबसाइट कुणीही बनवू शकतो, मामा. पण आपली खरी कुठली, याची ग्वाही एक बाहेरची कंपनी देते. ते सर्टिफिकेट. ते असलं की हे बघा, इथे छोटं कुलूप दिसतं. आणि पार्टीनं टाकलेला पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येत नाही."

"म्हंजे जामीन राहते ती कंपनी."

"तसंच समजा. पण वर्षाचाच जामीन. वर्ष संपलं की परत घ्यायचा."

हिरामणना ते फार आवडलं. ऑफिसात कुणी पाव्हणा आला की ते त्याला तिच्या टेबलाशी नेऊन स्क्रीनवर बोट ठेवायचे. "हे कुलूप बघा. सुनंनं लावलेलं हाय."

त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या सुरुवातीला आले. सर्टिफिकेट संपत आलं, अशी मेल जुलैपासूनच येत होती. दिपाली प्रत्येक वेळी मनात म्हणायची, आहेत की अजून दिवस. मग गणपती बसले. गौरी आल्या. आगरी घरात गौर म्हणजे लेकी-जावई, त्यांची पोरं, भाचे, मासळीची पातेली, आणि स्वयंपाकघरातून पाय निघत नाही. ऑफिसला ती आठवडाभर गेलीच नाही. विसर्जन झालं, पाहुणे गेले, तिनं दोन दिवस झोप काढली. पितृपक्ष लागला तेव्हा ती ऑफिसात आली, खुर्चीवर बसली, आणि फोन वाजला.

फोन भूपेशचा होता. एका सूतवाल्याच्या पेढीवरचा कारकून. "अहो ताई, तुमची वेबसाइट उघडली की काहीतरी इशारा येतो. सर्टिफिकेट संपलंय म्हणतो. येस की नो विचारतो. काय करू?"

दिपालीनं घाईघाईनं सर्टिफिकेटची माहिती उघडली. तिनं तारीख पाहिली. आदल्या दिवशीच संपलं होतं.

खरं सांगायला काय लागत होतं? 'राहून गेलं, दुपारपर्यंत करते' म्हटलं असतं तर भूपेश 'बरं' म्हणून मोकळा झाला असता. पण शेजारच्या टेबलावर हितेश होता, आणि त्यानं मान वर केली होती. जानकीबाईंचं ते वाक्य तिच्या कानात होतं. तिच्या तोंडून जे निघालं ते तिनं आधी ठरवलेलंही नव्हतं.

"पितृपक्ष आहे ना," ती म्हणाली. "मामा नवीन काही घेऊ देत नाहीत. घट बसले की घेऊ. तोवर तुम्ही येस दाबा, काही होत नाही."

भूपेश हसला. "खरंय. आमचे शेठ पण पंधरा दिवस पेन घेत नाहीत नवीन."

हितेशनं कपाळाला हात लावला. "बाबांनी ह्यात पण पितर घुसवले?" तो म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. झालं. इतकं सोपं होतं ते. हिरामण त्या दिवशी गणेशपुरीच्या गरम कुंडांवर गुडघे शेकायला गेले होते.

त्यानंतर जो फोन आला त्याला तिनं तेच सांगितलं. कुणी एकानंही 'म्हणजे काय' असं विचारलं नाही. मराठी पार्ट्यांनी मान डोलावली, मारवाडी मुनीम म्हणाला, "हाँ हाँ, श्राद्ध चल रहे हैं." सगळ्या भिवंडीला ते कारण पटलं. आणि तिथंच दिपाली अडकली. दुसऱ्या दिवशी गुपचूप सर्टिफिकेट घेतलं असतं तर इशारा बंद झाला असता, आणि कुणीतरी नक्की विचारलं असतं, काय, पितर लवकर गेले का? एकदा सासऱ्याचं नाव घेतल्यावर घट बसेपर्यंत थांबणं भाग होतं. तिला माहीत होतं हे चुकतंय. जे शिकवू नये असं तिला शिकवलं होतं, तेच ती रोज लोकांना फोनवरून शिकवत होती: इशारा आला तरी बघू नका, येस दाबा.

त्या पंधरवड्यातच कुणीतरी पार्ट्यांना मेल पाठवली. 'गोडाऊनचं तुमचं खातं बंद होणार आहे, इथे जाऊन पासवर्ड टाका.' तीच निळी पट्टी, तेच नाव, तसंच पान. उघडताना इशारा आला. इतर वेळी माणूस थबकला असता. शेलारचे बाळारामकाका थबकले नाहीत. दिपालीबायनं सांगितलं होतं, येस दाबा. त्यांनी दाबलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावानं ऑर्डर निघाली, ट्रक आला, आणि दिवाळीच्या मालासाठी ठेवलेलं त्यांचं सूत गेटातून बाहेर गेलं.

भांडण झालं त्या सकाळी हितेश तिला म्हणाला, "आता गेले पितर खड्ड्यात. आजच्या आज घे ते सर्टिफिकेट."

ती ऑफिसात गेली. हिरामण मागोमाग आले आणि तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. ती एरवी त्यांना काय चाललंय ते सांगत काम करायची. आज गप्प होती. सर्व्हरवर तिनं अर्ज तयार केला, तो कंपनीच्या पानावर चिकटवला, हितेशच्या कार्डावरून पैसे भरले. मंजुरीसाठी मेल आली, तीत एका ठिकाणी क्लिक केलं. आलेलं सर्टिफिकेट जागेवर ठेवून सर्व्हर पुन्हा चालू केला. पान उघडलं. इशारा आला नाही. कोपऱ्यात कुलूप दिसलं.

"झालं?" हिरामण म्हणाले.

"झालं, मामा."

"एवढंच व्हतं?"

"एवढंच."

हिरामणनी स्क्रीनवरच्या कुलपावर बोट ठेवलं. "मग मी कनाला अडवला असन," ते म्हणाले. तिला नव्हे, स्वतःलाच. "मना समजावायचं तरी व्हतं ना, पोरी, एवढंच हाय म्हणून. मी ऐकलं असतं तुझं."

दिपालीनं कीबोर्डवरची न दिसणारी धूळ पुसली. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली, ते तिलाही ऐकू आलं नाही.

दुपारी बाळारामकाका ऑफिसात आले. शेलारच्या नात्यानं दिपालीचे काकाच. ती हाफ पॅंटीतल्या पोरांबरोबर त्यांच्या अंगणात खेळली होती. ते भांडायला आले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते भांडले नाहीत. पोलिसांत लिहून दिलंय, म्हणाले, बघू.

हिरामण उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. पासष्टीचा माणूस. गावकीत ज्याच्या शब्दानं वाद मिटायचे तो.

"बालाराम, माझ्यापायी झालं," ते म्हणाले. "मी जुना मानूस. मना ह्या नवीन गोष्टीत तोंड घालायचं कारन नव्हतं."

"अरे हात काय जोडतंस!" बाळारामकाकांनी त्यांचे हात धरून खाली केले. "येस मीच दाबलं ना? ही पोर बोल्ली दाब, मी दाबलं. तिचा काय दोष, तिना तू सांगितलंस तसं ती बोल्ली." मग दिपालीकडे बघून म्हणाले, "बाय, तू नको मनाला लावून घेऊ. तुझं तोंड बघ कसं झालंय."

दिपालीच्या हातात चहाचा ट्रे होता. तिनं तो टेबलावर ठेवला आणि आत जाऊन मोरीत तोंड धुतलं. पाणी मारून मारून कान लाल झाले. आरशात बघायचं तिनं टाळलं.

घरी आल्यावर ती सासूपुढे बसली. जानकीबाई अळूची पानं पुसून एकावर एक रचत होत्या. सर्वपित्री अमावास्या तीन दिवसांवर होती.

"आई," ती म्हणाली, "मला तुम्हाला काही सांगायचंय."

"ठाव हाय मना."

"काय ठाऊक आहे?"

"ते बोल्ले नव्हते." जानकीबाईंनी पुढचं पान घेतलं. "चालीस वर्सं झाली. भाकरीला मीठ कमी पडला तरी माझ्यापाशी येऊन सांगतान. कुनाला सर्टिफिकेट घेऊ नको बोल्ले, आन् मना सांगितलं न्हाय? हे व्हनार हाय?"

"मग सकाळी तुम्ही का नाही बोललात?"

"मी का बोलू? तुना विचारलं व्हतं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर दिपालीला धरायला काहीतरी मिळालं असतं. "मी वाट बघली तू काय बोल्तेस ती. तू बोल्लीस, बोलला होता मामा."

दिपाली रडायला लागली.

"हां, ते न्हाय," जानकीबाई म्हणाल्या. "सांगायचं तर त्यांना सांग. नसंल सांगायचं तर नको सांगू, मी काय तोंड उघडनार न्हाय. पन माझ्यासमोर रडायचं न्हाय. मी गप कराया बसू, आन् त्यांनी तिकडं हात जोडायचे? जा, तोंड पूस. भात लाव."

तिनं तोंड पुसलं. भात लावला. कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर तिनं मनाशी बरेच हिशेब केले. सांगितलं तर खुर्ची जाणार, हे नक्की. हितेश दोन दिवस ओरडेल आणि मग आयुष्यभर टोमणे मारेल. शेलारला कळेल. आई-वडिलांना मान खाली घालावी लागेल. नाही सांगितलं तर? हिरामण म्हातारे आहेत, विसरतील. घरातले चार दिवसांनी हसतील, बाबांचे पितर म्हणून. कुणाचंच काही जाणार नाही. हा विचार तिला इतका सोयीचा वाटला, की तो आपल्याच डोक्यातून निघाला याची तिला लाज वाटली. तरी तो विचार गेला नाही. तो तिथंच बसून राहिला.

जेवायला सगळे एकत्र बसले. हितेश, प्रितेश, हिरामण. प्रितेशची बायको भाविका पाणी घेऊन आली. दिपाली वाढत होती. हितेशचा राग ओसरला होता आणि त्याला आता सकाळच्या आवाजाची लाज वाटत असावी, कारण त्यानं वडिलांच्या पानात आपणहून लोणचं वाढलं.

"बाबा, सोडा आता," तो म्हणाला. "बाळारामकाकांना मी सूत घेऊन देणार आहे. झालं ते झालं."

हिरामणनी हातातला घास खाली ठेवला.

"माझं ऐका," ते म्हणाले. "ह्या अमावास्येला पान वाढायचं न्हाय. बामनाला मी सांगतो."

जानकीबाईंचा हात परातीत थांबला.

"बाबा, मी रागात बोललो हो," हितेश म्हणाला.

"रागात बोल्लास, पन खरा बोल्लास. लोकांचा माल घालवून मेलेल्यांना जेवाया घालायचं, ह्याला काय अर्थ हाय? माझा बाप भला मानूस व्हता. त्याला असलं जेवान गोड लागायचं न्हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "आन् उद्यापासून मी ऑफिसात बसनार न्हाय. माझी अडचनच व्हते तुम्हाला. माझ्या टेबलावर दिपालीला बसवा. तिना कळतं. मधे मी नसतो तर तिनं केला असता सगळा वेळेवर."

हितेश खाली बघत राहिला. भाविकानं तांब्या जमिनीवर ठेवला, त्याचा आवाज झाला. जानकीबाईंनी सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या भाकरी थापायला लागल्या होत्या.

दिपालीनं भाताचं पातेलं खाली ठेवलं. पदराला हात पुसले. बोलताना तिचा आवाज लहानपणी लूमच्या खडखडाटात निघायचा तसा मोठा निघाला.

"मामांनी काही अडवलं नव्हतं," ती म्हणाली. "तेव्हा ते घरीही नव्हते. मी विसरले होते. गणपतीत राहून गेलं, आणि फोन आला तेव्हा मी मामांचं नाव सांगितलं. आज सकाळी पण खोटं बोलले."

"काय?" हितेश म्हणाला.

"उद्या सकाळी मी शेलारला जाऊन बाळारामकाकांना सांगणार. तिथून आल्यावर एकेका पार्टीला फोन करणार. इशारा आला तर येस दाबायचं नाही, हे सांगणार, आणि मी दाबायला का सांगितलं होतं तेही सांगणार. सगळे फोन होईपर्यंत मी ऑफिसात बसणार आहे. त्यानंतर बसवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आणि अमावास्येला पान मामा वाढतील, स्वयंपाक मी करणार."

ती खाली वाकली आणि हितेशच्या ताटात भात वाढू लागली.